घरी बनवलेल्या कॉम्प्युटर केसचं वायरिंग : कागदावरच्या आकृतीपासून पहिल्या स्टार्टपर्यंत

स्वतःची केस बनवायला घेतली की डोक्यात आधी आकार येतो. लाकूड घ्यायचं की ॲक्रिलिक, काच कुठल्या बाजूला, पंखे किती, बटण कुठे. वायरिंगचा विचार होतो तो सगळं चिकटवून, स्क्रू आवळून झाल्यावर. तोवर बटणाचं भोक मदरबोर्डच्या बरोबर उलट्या कोपऱ्यात गेलेलं असतं आणि पॉवर सप्लायची प्रोसेसरला जाणारी केबल चार बोटं कमी पडते.

माझ्या पहिल्या लाकडी केसमध्ये पुढच्या पॅनलवरचं बटण, दिवे आणि यूएसबी अशा सगळ्या वायरी मी थेट सोल्डर केल्या होत्या. पुढे आतली धूळ काढायला पॅनल उघडायची वेळ आली तेव्हा सात वायरी कापाव्या लागल्या आणि परत जोडताना त्यांतली एक चुकीच्या जागी गेली. त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो, आणि हा सगळा लेख त्याच नियमावर उभा आहे : केसचा कुठलाही भाग सोल्डरिंग आयर्न हातात न घेता वेगळा करता आला पाहिजे. कनेक्टर ओढला की पॅनल मोकळं, कनेक्टर लावला की पॅनल चालू. हा नियम पाळायचा तर वायरिंग ठरतं सर्वांत आधी आणि करवत चालते नंतर.

आधी कागद

एका मोठ्या कागदावर केस उलगडून काढा, म्हणजे पुठ्ठ्याचा खोका उघडून सपाट केल्यासारखी. प्रत्येक पॅनलवर जे जे बसणार आहे ते खऱ्या मापाने मांडा. मदरबोर्डाची आकृती काढताना त्याच्या कडेला कुठले हेडर (वायरी जोडायच्या पिनांचे गट) कुठे आहेत तेही दाखवा : २४ पिनांचा मोठा प्लग सहसा उजव्या कडेला, प्रोसेसरचा ८ पिनांचा प्लग वरच्या डाव्या कोपऱ्यात, पुढच्या पॅनलच्या पिना खालच्या उजव्या कोपऱ्याजवळ, ऑडिओचा हेडर खालच्या डाव्या टोकाला. सगळ्या बोर्डांवर असंच असेल असं नाही. आपल्या बोर्डाचं मॅन्युअल उघडून बघा आणि तेच पान कामाच्या टेबलावर राहू द्या.

मग सुतळी घ्या. केसचे भाग तात्पुरते उभे करून, वायर ज्या वाटेने जाणार त्याच वाटेने सुतळी फिरवा आणि मोजा. कोपऱ्यांची वळणं आणि कनेक्टर काढताना लागणारी ढील धरून त्यात १० ते १५ सेंटिमीटर मिळवा. सरळ रेषेत पट्टीने घेतलेलं माप नेहमी कमी पडतं.

त्याच कागदाच्या कडेला तीन रकाने करा : वस्तू, व्होल्टेज, करंट. पंखा, १२ व्होल्ट, ०.२ ॲम्पिअर. एलईडी पट्टी एक मीटर, १२ व्होल्ट, १.२ ॲम्पिअर. फ्यूज कितीचा, वायर किती जाड आणि कोणती वस्तू मदरबोर्डवरून चालेल, कोणती नाही, हे सगळं या तीन रकान्यांवरून ठरणार आहे.

पॉवर सप्लाय आणि अर्थिंग

एटीएक्स, म्हणजे डेस्कटॉपच्या नेहमीच्या मापाच्या, पॉवर सप्लायमधून आपल्याला मुख्यतः तीन व्होल्टेज मिळतात. जुन्या रंगपद्धतीत पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, नारिंगी ३.३ व्होल्टची आणि काळी ग्राउंडची. जांभळी वायर ५ व्होल्ट स्टँडबायची असते आणि कॉम्प्युटर बंद असतानाही ती जिवंत असते. हिरवी वायर ग्राउंडला टेकली की सप्लाय सुरू होतो. मदरबोर्ड बटण दाबल्यावर नेमकं हेच करतो. आता बऱ्याच सप्लायच्या सगळ्या वायरी काळ्याच येतात, म्हणून रंगावर विसंबू नका. पिनचा नंबर आणि मल्टिमीटर यांवरच भरवसा ठेवा.

दोन गोष्टी इथे ठामपणे सांगतो. पहिली, सप्लायचा डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही शे व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते लगेच उतरत नाहीत. दुसरी, मॉड्युलर सप्लायच्या, म्हणजे ज्याच्या केबली सुट्या काढता येतात त्याच्या, केबली एकमेकांत मिसळू नका. मदरबोर्डाकडच्या टोकाची पिनरचना ठरलेली असते, सप्लायकडच्या टोकाची नसते. एका सप्लायची केबल दुसऱ्याला अगदी नीट बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट पोचतात. हार्ड डिस्क एका क्षणात जाते. केबल अपुरी पडत असेल तर मदरबोर्डाच्या टोकाला लावायची एक्स्टेन्शन केबल घ्या, तिची दोन्ही टोकं ठरलेल्या रचनेची असतात. प्रोसेसरचा ८ पिनांचा आणि ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनांचा प्लग दिसायला सारखे असले तरी एकात चार १२ व्होल्टच्या आणि चार ग्राउंडच्या वायरी असतात, दुसऱ्यात तीन आणि पाच. खाचांचा आकार वेगळा असल्यामुळे ते सहज अदलाबदल होत नाहीत. कुठलाही प्लग जोर लावून बसवावा लागत असेल तर थांबा आणि लेबल वाचा.

घरगुती केसमध्ये सप्लाय बऱ्याचदा पुढे किंवा मधे बसवला जातो आणि मुख्य वीज मागच्या पॅनलवरून आत न्यावी लागते. त्यासाठी पॅनलवर स्क्रूने बसणारं सॉकेट एका टोकाला आणि सप्लायमध्ये जाणारा प्लग दुसऱ्या टोकाला अशी कारखान्यात ओतीव बनलेली एक्स्टेन्शन केबल मिळते. तीच वापरा. घरच्या विजेची वायर कापून, टेप गुंडाळून हे काम करू नका.

आता लाकडी आणि ॲक्रिलिक केसवाल्यांसाठी सर्वांत दुर्लक्षित भाग. लोखंडी केसमध्ये सप्लायच्या स्क्रूंमधून आणि मदरबोर्डाखालच्या पितळी स्टँडऑफमधून (बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब) अख्खी केस आपोआप अर्थ होते. लाकडात तसं होत नाही. कॉम्प्युटर चालतो, कारण ग्राउंड काळ्या वायरींतून मिळतोच. पण पुढे लावलेली ॲल्युमिनियमची पट्टी, बटणाची धातूची कड, जाळी हे सगळं अधांतरी राहतं. हात लागेल अशा प्रत्येक धातूच्या भागाला १८ गेजची वायर (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड) आणि गोल लग, म्हणजे स्क्रूखाली बसणारं धातूचं कडं, लावून ती सप्लायच्या डब्याच्या स्क्रूपर्यंत न्या. जिथे लग बसणार तिथला रंग किंवा ॲनोडायझिंग खरवडून चकचकीत धातू उघडा करा, कारण दोन्ही वीज अडवतात. मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी सलग असली की बीप देणारी सेटिंग) ठेवून एक टोक त्या पट्टीला आणि दुसरं प्लगच्या अर्थ पिनेला लावा. बीप ऐकू आला पाहिजे. अर्थातच भिंतीतल्या सॉकेटला खरं अर्थिंग असेल तरच याचा उपयोग.

पॉवर बटण आणि पुढचं पॅनल

बटण घ्यायचं ते दाबलं की जोडणारं आणि सोडलं की परत उघडणारं. दाबल्यावर अडकून राहणारा खटका इथे चालत नाही. मदरबोर्डाला वाटतं बटण दाबूनच धरलंय, आणि साधारण ४ सेकंदांनी तो कॉम्प्युटर बंद करतो. स्टेनलेसची गोल बटणं १६, १९ आणि २२ मिलिमीटरच्या भोकांसाठी मिळतात. विकत घेण्याआधी त्यांच्या आट्यांची लांबी मोजा. १२ किंवा १८ मिलिमीटर जाड प्लायमध्ये पलीकडून नट आट्यांवर चढतच नाही. अशा वेळी मागून मोठ्या फोर्स्टनर बिटने खोलगट खाच काढून बटणापुरतं लाकूड पातळ करावं लागतं. हे पॉलिश करण्याआधीच उरका.

दिवा असलेल्या बटणाला सहसा पाच टोकं असतात. दोन दिव्याची, उरलेली तीन स्विचची : सामाईक, एरवी उघडं राहणारं आणि एरवी जोडलेलं राहणारं. आपल्याला सामाईक आणि एरवी उघडं अशी दोन हवीत. मल्टिमीटर लावून बघा, बटण दाबल्यावरच बीप आला तर जोडी बरोबर. या स्विचमधून अगदी किरकोळ करंट जातो, म्हणून २६ गेजची बारीक वायर पुरते, आणि कुठलं टोक कुठल्या पिनेला याला महत्त्व नाही.

दिव्याचं मात्र तसं नाही. तिथे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह पाळावं लागतं, आणि त्याहून मोठा प्रश्न व्होल्टेजचा असतो. मदरबोर्डावरच्या पॉवर-दिव्याच्या पिनेमागे बोर्डावरच एक रेझिस्टर (करंटला आवर घालणारा छोटा भाग) बसवलेला असतो. साधा सुटा एलईडी तिथे थेट जोडता येतो. पण १२ व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं बटण तिथे लावलं तर ते जेमतेम मिणमिणतं किंवा लागतच नाही, कारण त्याच्या पोटात आणखी एक मोठा रेझिस्टर असतो. मदरबोर्डावरून दिवा चालवायचा असेल तर ३ किंवा ५ व्होल्टचं बटण मागा. १२ व्होल्टचं बटण आधीच हातात असेल तर दिव्याची दोन टोकं पुढे सांगितलेल्या वाटप-बोर्डावरच्या १२ व्होल्टला जोडा. दिवा नीट लागेल, फक्त स्लीपमध्ये गेल्यावर तो लुकलुकणार नाही, सरळ बंद होईल.

बहुतेक बोर्डांवर पुढच्या पॅनलच्या पिना दोन ओळींत असतात आणि त्यांतली दहावी पिन मुद्दाम नसते. ती रिकामी जागा हीच आपली खूण. १ आणि ३ वर डिस्कचा दिवा, २ आणि ४ वर पॉवरचा दिवा, ५ आणि ७ वर रीसेट, ६ आणि ८ वर पॉवर बटण. दिव्यांच्या बाबतीत १ आणि २ या पॉझिटिव्ह बाजू. नवव्या पिनेला काहीही लावू नका, काही बोर्डांवर तिथे ५ व्होल्ट असतात. सुट्या दोन-दोन पिनांचे कनेक्टर लावण्यापेक्षा मी एकच दहा घरांचा कनेक्टर घेतो, सगळ्या वायरींच्या टोकांना क्रिंप मारून (धातूची पिन पकडीने दाबून) त्यात बसवतो आणि दहावं घर डिंकाने बंद करतो. मग तो उलटा बसूच शकत नाही.

एलईडी : आधी हिशोब, मग प्रकाश

सुटा एलईडी १२ व्होल्टवर लावायचा असेल तर रेझिस्टर लागतोच. पांढऱ्या आणि निळ्या एलईडीवर साधारण ३.२ व्होल्ट राहतात, लालवर २ च्या आसपास. समजा पांढरा आहे. १२ मधून ३.२ वजा केले की उरले ८.८ व्होल्ट. १३ मिलिॲम्पिअर करंट हवा असेल तर ८.८ भागिले ०.०१३, म्हणजे सुमारे ६८० ओहम. या रेझिस्टरमध्ये ०.११ वॅट उष्णता होते, म्हणजे पाव वॅटचा रेझिस्टर आरामात चालतो. केसमधल्या खुणेच्या दिव्याला १३ मिलिॲम्पिअरही जास्तच वाटतात. रात्री खोलीत डोळ्यांवर येऊ नये म्हणून मी २.२ किलोओहम लावतो.

एलईडी पट्ट्यांमध्ये दोन घराणी आहेत आणि ती एकमेकांत मिसळली की नुकसान ठरलेलं. एका घराण्यात अख्खी पट्टी एका वेळी एकच रंग दाखवते, १२ व्होल्टवर चालते आणि तिचा कनेक्टर चार पिनांचा असतो. दुसऱ्यात प्रत्येक एलईडीला स्वतःचा रंग देता येतो, ती ५ व्होल्टवर चालते आणि तिच्या कनेक्टरमध्ये तीन पिना व मधे एक रिकामी जागा असते. ५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टच्या हेडरला लावली तर ती जळते, पुन्हा दुरुस्त होत नाही. पट्टीवर छापलेलं व्होल्टेज वाचल्याशिवाय जोडू नका, विशेषतः सुटी पट्टी कापून स्वतः कनेक्टर लावत असाल तर.

५ व्होल्टच्या पट्टीत प्रत्येक एलईडी पूर्ण पांढरा असताना जास्तीत जास्त ६० मिलिॲम्पिअर घेऊ शकतो. म्हणजे ६० एलईडी झाले की ३.६ ॲम्पिअर. मदरबोर्डाच्या हेडरची मर्यादा बऱ्याचदा ३ ॲम्पिअरच असते, आपल्या बोर्डाची मॅन्युअलमध्ये बघा. पट्टी लांब असेल तर तिला ५ व्होल्ट थेट पॉवर सप्लायमधून द्या आणि हेडरवरून फक्त डेटा आणि ग्राउंड घ्या. हेडरचे ५ व्होल्ट आणि सप्लायचे ५ व्होल्ट एकमेकांना जोडायचे नाहीत, ती पिन मोकळी सोडायची. ग्राउंड मात्र दोन्हीकडचा एकच हवा, नाहीतर रंग वेडेवाकडे नाचतात. पट्टीवर बाण छापलेला असतो, डेटा त्या बाणाच्या दिशेनेच जातो. डेटाच्या वायरीत पट्टीच्या तोंडाशी ३३० ओहमचा रेझिस्टर आणि ५ व्होल्ट-ग्राउंडच्या मधे १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की सुरुवातीचा झटका पहिल्या एलईडीवर येत नाही.

पाच व्होल्टवर बारीक वायर महागात पडते. २४ गेजच्या तांब्याच्या वायरीचा रोध दर मीटरला सुमारे ०.०८४ ओहम असतो. पट्टी ६० सेंटिमीटरवर असेल तर जाऊन-येऊन १.२ मीटर वायर, म्हणजे ०.१ ओहम. २ ॲम्पिअर वाहिले की ०.२ व्होल्ट वाटेतच संपले. मग पट्टीचं शेवटचं टोक पांढऱ्याऐवजी पिवळसर दिसतं. तिथे १८ गेज घातली की हाच तोटा ०.०५ व्होल्टवर येतो.

वाटप-बोर्ड आणि फ्यूज

आता ज्या भागासाठी हा लेख लिहायला घेतला तो : सप्लायची वीज आपल्या वेगवेगळ्या फाट्यांना वाटून देणारा छोटा बोर्ड. बाजारातल्या केसमध्ये हा भाग नसतो, आणि घरच्या केसमध्ये तो हवाच.

६०० वॅटचा सप्लाय १२ व्होल्टवर ५० ॲम्पिअरच्या घरात करंट देऊ शकतो. त्याचं संरक्षण अख्ख्या सप्लायसाठी असतं, तुमच्या बारीक वायरीसाठी नाही. समजा पुढच्या पॅनलकडे जाणारी २६ गेजची वायर एखाद्या धारदार कडेवर घासून अर्धवट शॉर्ट झाली आणि तिच्यातून १५ ॲम्पिअर वाहू लागले. सप्लायच्या दृष्टीने १५ ॲम्पिअर म्हणजे काहीच नाही, तो चालू राहील. वायरीत मात्र दर मीटरला सुमारे ३० वॅट उष्णता तयार होईल. प्लास्टिक वितळेल, आणि केस लाकडाची आहे. म्हणून १२ किंवा ५ व्होल्टवरून आपण स्वतः काढलेल्या प्रत्येक फाट्याला स्वतःचा फ्यूज. याला अपवाद नाही.

बोर्ड करायला सोपा आहे. भोकांचा परफबोर्ड घ्या, साधारण ५ बाय ७ सेंटिमीटरचा. एका कडेला आत येणाऱ्या विजेचा टर्मिनल, दुसऱ्या कडेला बाहेर जाणाऱ्या फाट्यांचे. आत येणारी वीज चार पिनांच्या जुन्या पद्धतीच्या एक्स्टेन्शन केबलमधून घ्या. ती एक्स्टेन्शन कापायची, सप्लायची मूळ केबल कधीही नाही. त्यात पिवळी १२, लाल ५ आणि मधल्या दोन काळ्या ग्राउंडच्या, पण मल्टिमीटरने खात्री करूनच पुढे जा. साटा प्लगवरून (डिस्कला वीज देणारा चपटा प्लग) वीज घेणार असाल तर ओतीव प्लास्टिकचे अडॅप्टर टाळा. त्यांच्या पोटात वायरी एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणं बरीच आहेत. ज्यात प्रत्येक पिन वेगळी क्रिंप केलेली दिसते तो प्रकार घ्या.

परफबोर्डावरचे तांब्याचे ठिपके मोठा करंट पेलत नाहीत. १२, ५ आणि ग्राउंड या तिन्हींच्या ओळींवर जाड उघडी तांब्याची तार आडवी घालून ती ठिकठिकाणी सोल्डर करा. १२ आणि ५ च्या पट्ट्यांमध्ये एक पूर्ण ओळ रिकामी सोडा.

फ्यूजचा आकडा असा काढायचा : फाट्यावरचा करंट फ्यूजच्या तीन चतुर्थांशापेक्षा जास्त नसावा आणि फ्यूज वायरीच्या ताकदीपेक्षा लहान असावा. १.२ ॲम्पिअरच्या एलईडी पट्टीला २ ॲम्पिअरचा फ्यूज आणि २२ गेजची वायर. बटणातल्या दिव्यासाठी अर्ध्या ॲम्पिअरचा. काचेचे ५ बाय २० मिलिमीटरचे फ्यूज आणि त्यांचे क्लिपवाले होल्डर मला आवडतात, कारण गेलेला फ्यूज डोळ्यांना दिसतो. गरम झाल्यावर करंट अडवणारे आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडणारे पॉलिफ्यूजही चालतात. पण ते लिहिलेल्या आकड्याच्या साधारण दुप्पट करंटला उडतात, तेवढं लक्षात घेऊन निवडा.

बोर्ड अशा जागी बसवा की झाकण काढल्यावर तो समोर दिसेल. त्याच्याखाली स्टँडऑफ द्या, धातूच्या पृष्ठभागावर तो थेट टेकता कामा नये. प्रत्येक टर्मिनलशेजारी बारीक मार्करने नाव लिहा.

पंखे

चार पिनांच्या पंख्यात क्रमाने ग्राउंड, १२ व्होल्ट, वेगाची नोंद देणारी वायर आणि वेग ठरवणारी वायर असते. मदरबोर्डाचा एक हेडर सहसा १ ॲम्पिअरपर्यंत देतो. १२० मिलिमीटरचे दोन-तीन साधे पंखे स्प्लिटरने एका हेडरवर चालतात, पण सुरू होताना ते जास्त करंट खेचतात, म्हणून बेरीज मर्यादेच्या जवळ नेऊ नका. स्प्लिटरमध्ये वेगाची नोंद फक्त एकाच पंख्याची जायला हवी, दोघांची मिसळली तर आकडे भरकटतात. जास्त पंखे असतील तर वीज वेगळ्या प्लगवरून घेणारा हब घ्या. तीन पिनांचा पंखा चार पिनांच्या हेडरला बसतो, फक्त बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) त्या हेडरसाठी व्होल्टेजने वेग बदलणारी पद्धत निवडा.

पंखा ७ व्होल्टवर चालवायला १२ आणि ५ च्या मधे जोडायची एक जुनी युक्ती आहे. ती करू नका. त्यात पंख्याचा करंट उलटा ५ व्होल्टच्या ओळीत ढकलला जातो.

यूएसबी आणि ऑडिओ

यूएसबी २ ची केबल लांबवायची तर चार वायरी सोल्डर करून भागतं : लाल ५ व्होल्ट, पांढरी आणि हिरवी डेटाच्या, काळी ग्राउंड. डेटाची जोडी एकमेकींभोवती पिळलेली राहू द्या. यूएसबी ३ ला हात लावू नका. तिथे सेकंदाला ५ गिगाबिट वाहतात आणि हाताने केलेला एक जोडही सिग्नल बिघडवतो, तयार केबल आणि तयार पॅनल-सॉकेटच वापरा. तिचा १९ पिनांचा प्लग फार घट्ट असतो. काढताना डावी-उजवी बाजू आलटून-पालटून हळूहळू उचला, सरळ ओढला तर कधी कधी मदरबोर्डावरचं प्लास्टिकच उपटून येतं.

ऑडिओची वायर शील्ड असलेली घ्या आणि पंखे, एलईडी आणि ग्राफिक्स कार्डाच्या केबलींपासून लांब न्या. अगदीच ओलांडावं लागलं तर काटकोनात ओलांडा.

केसला स्वतःचं तापमान कळावं असं वाटत असेल तर

हा भाग ऐच्छिक आहे, पण मला स्वतःला यात सर्वांत जास्त आनंद मिळतो. आर्डुइनो नॅनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर आणि एक चार पिनांचा पंखा एवढ्यात केस स्वतःची हवा स्वतः सांभाळू लागते. सेन्सरच्या डेटा पिनेला आणि ५ व्होल्टला जोडणारा ४.७ किलोओहमचा रेझिस्टर विसरू नका, तो नसला तर सेन्सर सापडतच नाही. पंख्याच्या वेगाच्या वायरीवर २५ किलोहर्ट्झचा सिग्नल अपेक्षित असतो. नॅनोचं नेहमीचं ॲनालॉग-राइट फार कमी फ्रीक्वेन्सीवर चालतं आणि पंखा किरकिरतो. टायमर १ फेज-करेक्ट पद्धतीत ठेवून त्याची वरची मर्यादा ३२० केली की ९ नंबरच्या पिनेवर बरोबर २५ किलोहर्ट्झ मिळतात. पंखा एका फेरीला दोन ठोके देतो, म्हणून सेकंदाला मोजलेले ठोके गुणिले ३० केले की मिनिटाच्या फेऱ्या निघतात. ती वायर १० किलोओहमने ५ व्होल्टला बांधा.

नॅनोच्या पिनेतून २० मिलिॲम्पिअरपेक्षा जास्त घेऊ नका. १२ व्होल्टची एलईडी पट्टी चालवायची तर आयआरएलझेड४४एन सारखा ५ व्होल्टच्या इशाऱ्यावर पूर्ण उघडणारा मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, लावा : पिन आणि गेटमध्ये (मॉस्फेटचा इशारा घेणारा पाय) २२० ओहम, गेट आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहम. नॅनोला मदरबोर्डाच्या आतल्या यूएसबी हेडरवरून वीज द्या म्हणजे प्रोग्रॅमही तिथूनच बदलता येतो. कॉम्प्युटर बंद असतानाही हा हेडर अनेकदा जिवंत असतो, त्यामुळे नॅनोचा दिवा रात्रभर दिसला तर घाबरू नका.

जोडकाम

हलणाऱ्या, ओढल्या जाणाऱ्या जागी क्रिंप, स्थिर जागी सोल्डर, एवढं साधं सूत्र मी पाळतो. सोल्डर वायरीत थोडी वर चढते आणि जिथे ती संपते नेमकी तिथे वायर वाकून तुटते. क्रिंपसाठी पकड चांगली घ्या. साध्या पकडीने दाबलेली पिन आज टिकते आणि सहा महिन्यांनी सुटते. मारल्यावर प्रत्येक वायर हाताने ओढून बघा, सुटायची असेल तर आत्ताच सुटू दे.

बटणाच्या टोकांना सोल्डर करताना आधी वायर आणि टोक दोन्हींना वेगवेगळी सोल्डर चढवा, मग दोन-तीन सेकंदांत जोडा. जास्त वेळ टेकवलं तर आतलं प्लास्टिक मऊ होऊन स्विच कायमचा अडकतो. हीट-श्रिंक नळी आधी वायरीत ओवा आणि सोल्डरपासून लांब सरकवून ठेवा, नाहीतर ती जागेवर जाण्याआधीच आकसते. खिडकी उघडी ठेवा, काम झाल्यावर हात धुवा.

पत्रा किंवा ॲक्रिलिकमधून वायर जाते तिथे रबरी ग्रॉमेट. लाकडात भोकाची कड सँडपेपरने गोल करा. पंख्याच्या पात्यांच्या दोन बोटं जवळ येणारी प्रत्येक वायर बांधून टाका. बांधणीला आधी वेल्क्रो, सगळं चालू झाल्याची खात्री पटली की मगच प्लास्टिकची टाय.

पहिला स्टार्ट

पहिल्यांदा फक्त मोजमाप. प्लग भिंतीतून काढलेला, काहीही जोडलेलं नाही. वाटप-बोर्डावर १२ आणि ग्राउंड, ५ आणि ग्राउंड, १२ आणि ५ अशा तिन्ही जोड्यांवर कंटिन्युइटी बघा. कपॅसिटर असेल तर बीप क्षणभर येऊन थांबेल. सतत येत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

मग मदरबोर्डाशिवाय फक्त सप्लाय, वाटप-बोर्ड आणि ओझं म्हणून एक जुना पंखा. २४ पिनांच्या प्लगवर लावायची तयार जंपर-टोपी मिळते. ती नसेल तर १६ नंबरची पिन शेजारच्या ग्राउंडला प्लास्टिक चढवलेल्या वायरीच्या तुकड्याने जोडा, आणि ही जोडणी प्लग भिंतीत घालण्याआधी करा. टर्मिनलवर ११.४ ते १२.६ आणि ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या मधलं मोजमाप आलं पाहिजे. त्यानंतर एकेक फाटा जोडा आणि प्रत्येकाला दोन मिनिटं चालू द्या. सगळे एकदम जोडले आणि काही बिघडलं तर दोष कुठे ते शोधत बसावं लागतं.

तिसऱ्या पायरीला मदरबोर्ड, अजून केसबाहेर, त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर. पॉवर बटणाचा नवा कनेक्टर लावून त्यानेच सुरू करा. इथे स्क्रीनवर चित्र आलं म्हणजे बटण, वायर आणि पिन तिन्ही बरोबर. आता सगळं केसमध्ये बसवा. बसवताना प्लग काढलेला असू द्या आणि मदरबोर्डावरचा स्टँडबायचा दिवा विझेपर्यंत थांबा.

केस बंद केल्यावर अर्धा तास काहीतरी जड काम चालवा, मग कॉम्प्युटर बंद करून लगेच उघडा आणि प्रत्येक कनेक्टरला बोट लावा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर तिथला क्रिंप सैल आहे किंवा वायर बारीक आहे, तो जोड नवीन करा. महिन्याभराने वाटप-बोर्डाचे स्क्रू टर्मिनल एकदा आवळून बघा. सोल्डर चढवलेली टोकं स्क्रूखाली हळूहळू दबतात आणि पकड ढिली होते, म्हणून तिथे सोल्डरऐवजी फेरूल (वायरीच्या टोकावर बसणारी धातूची छोटी नळी) दाबलेली बरी. आणि सुरुवातीला काढलेला तो कागद, वाटेत झालेले बदल त्यावर लाल पेनने उतरवून, बाजूच्या झाकणाच्या आतून चिकटवून ठेवा.